खळीच्या कागदाला चौकट कशाला?

खळीचा कागद, म्हणजे रंगीत पिठाच्या खळीत नक्षी काढलेला पुस्तकबांधणीचा कागद, आजकाल पुस्तकावर कमी आणि काचेमागे जास्त दिसू लागला आहे. युरोप-अमेरिकेतले अलीकडचे काम पाहावे, तर रंगीत खळीत ओढलेले डोंगर, तळी, सोनेरी संध्याकाळी आणि कोपऱ्यात सही. हात तयार आहेत, रंगाची जाणही आहे. पण यातला एखादा ताव पुठ्ठ्याच्या मापाने कापून पाहा. डोंगराचा माथा कात्रीत जातो, सूर्य चामड्याच्या पाठीखाली दडतो आणि उरतो तो चित्राचा तुकडा. असल्या कामाला ‘कलेचा पुढचा टप्पा’ म्हटले जाते, म्हणून हे लिहायला बसलो.

हेर्नहूटचे कागद डोळ्यांपुढे आणा. जर्मनीच्या झाक्सन प्रांतातली मोरावियन या ख्रिस्ती पंथाची ही वस्ती १७२२ची. तिथल्या अविवाहित भगिनींच्या घरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कागद होत, आणि ते विकण्यासाठी होत. एका तावावर बहुधा एकच रंग, निळा नाहीतर विटकरी. ओल्या खळीवरून कंगवा, बोट किंवा ठसा फिरला की खळ बाजूला सरते. सरते तिथे कागद उजळतो, कडेला साचते तिथे रंग गडद होतो, आणि एकाच रंगातून तीन-चार छटा निघतात. बोटाच्या ठशांची ओळ पाहत जावे, तर मध्येच एखाद्या ठशावर दाब कमी पडलेला जाणवतो, पण ओळ मोडत नाही. नक्षी एवढी बारीक आणि एवढी समतोल, की ताव कुठूनही कापा, ती पुरी वाटते. अर्ध्या चामड्याच्या बांधणीत पाठ आणि कोपरे चामडे घेते आणि कागदाला मधली वेडीवाकडी जागा मिळते. त्या जागेचा एवढा नेमका विचार त्यानंतर फार थोड्यांनी केला.

त्या थोड्यांत अमेरिकन कारागीर रोझामंड लोरिंग येतात. सजावटी कागदांवरच्या त्यांच्या १९४२च्या पुस्तकात चिकटवलेले खरे नमुने आहेत. स्वतः कागद करणाऱ्या बाईने लिहिल्यामुळे त्यात इतिहासाइतकीच खळ कशी वागते याची समज आहे. व्हिएन्नाच्या कलाकार्यशाळेचे, म्हणजे १९०३नंतरच्या ‘वीनर वेर्कश्टेटे’चे कागद देखणे आहेत, पण ते पुस्तकापेक्षा आपल्या शैलीकडेच जास्त पाहतात. दोन ताव तोंडाला तोंड लावून ओढून काढलेले शेवाळी कागद दहा मिनिटांत शिकता येतात आणि तेवढ्याच वेळात कंटाळा आणतात.

आता खळीच्या जागी आलेले ॲक्रिलिक. खळ शिजवायला नको, नासायची भीती नाही, चकाकी हवी तेवढी. सोय मोठी आहे. पण ॲक्रिलिकचा थर उकाड्यात आणि दाबाखाली शेजारच्या थराला चिकटतो. कपाटात दाटीने उभ्या केलेल्या पुस्तकांवर आपल्याकडचा मे महिना काय करील, याचा विचार काचेमागे टांगणाऱ्याला करावा लागत नाही, बाइंडरला करावा लागतो. पिठाच्या खळीला कसर लागते, असा आक्षेप नेहमी येतो. लागते, खरे आहे. पण जुनी बांधणी अस्तरापासून पाठीपर्यंत खळ आणि सरस यांवरच उभी होती. कसरीपासून जपायचे ते अख्खे पुस्तकच, आणि ते कोरड्या, हवेशीर जागेत जपता येते. कागद घासला जातो म्हणाल, तर मेणाचा पातळ हात त्याला पुरतो.

समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला आपल्याच दख्खनचा आहे. सतराव्या शतकात विजापुरी कलावंतांनी अबरीतून, म्हणजे पाण्यावर तरंगवलेल्या रंगांची नक्षी कागदावर उचलून, घोडे आणि माणसे उभी केली, मग खळीला चित्र व्हायची बंदी का? बंदी कुणी घातलेली नाही. विजापूरची ती पाने चित्र म्हणूनच योजलेली होती आणि चित्र म्हणूनच पाहावीत. तिथल्या कलावंताने आपले चित्र पुठ्ठ्याचा कागद म्हणून विकले नाही. आजचे कारागीर मात्र आपल्या तावाला ‘बांधणीचा कागद’ म्हणतात, बांधणीच्या प्रदर्शनात मांडतात, आणि किंमत अशी लावतात की कोणताही बाइंडर त्याला कात्री लावू धजणार नाही. मग तो बांधणीचा राहिला कुठे?

याचे नुकसान बाइंडरला सोसावे लागते. एका ग्रंथाचे तीन खंड बांधायचे तर त्याला एकमेकांशी जुळणारे ताव हवेत, आणि कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर हवी, नाहीतर पुठ्ठा वाकतो. एकुलत्या एक तावावर सही करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी विचाराव्याशा वाटत नाहीत. हेर्नहूटच्या भगिनींना बाइंडरच्या गरजांचा विचार करावाच लागे, कारण त्यांचे गिऱ्हाईक बाइंडर होते.

एकाच नक्षीचे सहा ताव, सहाही एका संचात शोभतील असे, ज्याला काढता येत नाहीत, त्याचे काम बांधणीच्या कलेत मोजू नये. चित्रांच्या दालनात त्याने खुशाल जावे.