‘लूझ’: जंगल हरवलं, गमावलं की तोडलं?

जंगलावरच्या इंग्रजी शोधनिबंधांत एक क्रियापद सतत भेटतं: ‘लूझ’. ‘अमुक जिल्ह्याने इतके हेक्टर वृक्षाच्छादन गमावले’ असं आपण त्याचं मराठी करतो आणि पुढे जातो. माझा आक्षेप या वाक्यावर आहे. आकडा बरोबर असूनही क्रियापद दिशाभूल करू शकतं.

आधी मूळ बघू. जुन्या इंग्रजीत ‘लोसियन’ म्हणजे नष्ट होणे. ‘गमावणे’ हा अर्थ नंतर रुळला. ‘सैल’ या अर्थाचा ‘लूस’ (स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’, विद्यार्थी इथे हमखास चुकतात) याच कुळातला. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचा संबंध संस्कृतच्या ‘लुनाति’ म्हणजे ‘कापतो’ या रूपाशी जोडतात; ‘लवित्र’ म्हणजे विळा हा शब्द त्यातलाच. अर्थात, व्युत्पत्ती हा पुरावा नसतो. पण आजच्या ‘लूझ’मध्ये विळा दिसत नाही आणि विळा धरणाराही दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मराठीत मात्र निवड करावीच लागते. म्हैस ‘हरवते’, ती सापडूही शकते. पैसे ‘गमावले’ म्हटलं की थोडा दोष गमावणाऱ्याकडे जातो. मेडीगड्डा धरणाच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातली शेतं ‘बुडाली’. आणि ज्याचा हक्क जातो, तो त्या हक्काला ‘मुकतो’.

आता उपग्रहाचं बघा. 2013 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या जागतिक नकाशात 5 मीटरपेक्षा उंच झाडोरा मोजला, तोही 30 मीटरच्या चौकटीत. तो पार गेला की नोंद ‘लॉस’. मग ती आग असो, वादळ असो की तोड. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या आणखी वेगळी: किमान 1 हेक्टर क्षेत्र आणि 10 टक्क्यांहून जास्त छत्रघनता असली की वनाच्छादन, मग झाडं कुठलीही असोत. चंद्रपूर-गडचिरोलीत मिश्र जंगल तोडून सागवान लावलं, तर काही वर्षांनी आच्छादन ‘भरून निघतं’. मोहफुलं वेचणाऱ्या बाईचं काय? ती मोहाला मुकलीच. तिच्यासाठी आपल्या तक्त्यात रकानाच नाही.

हक्कांचंही तेच. ‘आदिवासींनी वनहक्क गमावले’ असं सर्रास लिहिलं जातं. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाची भाषा त्यापेक्षा स्पष्ट आहे: राखीव वन करताना ज्या हक्कावर दावा आला नाही आणि चौकशीतही जो कळला नाही, तो सामान्यतः संपुष्टात येईल. म्हणजे संपवणारं कलम आहे, त्याला क्रमांक आहे. उलट 2006 चा वनहक्क कायदा हक्क ‘मान्य’ करतो. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तो याच कायद्याने. तिथे ‘गमावलेलं परत मिळालं’ लिहिलंत, तर गावाचा दोष नसताना तो गावाच्या माथी बसतो.

म्हणून प्रबंधात ‘लॉस’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा: काय गेलं, कोणाचं गेलं, कोणामुळे गेलं? तिसऱ्याचं उत्तर विदेत नसेल, तर ‘आच्छादन घटले’ लिहा आणि व्याख्या पद्धतीच्या प्रकरणात द्या. उत्तर असेल, तर कर्ता लिहा. गाइड म्हणतील, भाषा जरा सौम्य करा. तेव्हा आधी पुरावा दाखवा, मग क्रियापदावर बोला.