एका डॉलरचं घड्याळ आणि ७२ दिवस

मित्रहो, आजच्या पुस्तकात वादळं आहेत, चाचे आहेत. ती आम्ही बाजूला ठेवणार आहोत. आम्हाला बोलायचं आहे ते काहीच न घडणाऱ्या दिवसांबद्दल.

पुस्तक आहे जोशुआ स्लोकमचं, 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड', १९०० सालचं. १८९५ च्या एप्रिलमध्ये पन्नाशी ओलांडलेला हा कप्तान बोस्टनहून एकटाच निघाला आणि तीन वर्षांनी पृथ्वीला फेरा घालून परतला. एकट्यानं हे करणारा तो पहिला. 'स्प्रे' ही त्याची जेमतेम ३७ फुटांची शिडाची होडी. तेरा महिने खपून त्यानंच ती नव्यानं उभी केलेली.

चिलीजवळचं हुआन फर्नांडेझ बेट सोडल्यावर समोआपर्यंत ७२ दिवस त्यानं कुठेही नांगर टाकला नाही. दिवस कसा जायचा? सुकाणू बांधून ठेवलं की होडी आपली आपण चालायची. हा पुस्तकं वाचायचा, कपडे शिवायचा, स्वयंपाक करून निवांत जेवायचा. रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे सकाळी न्याहारीला. महिनाभर तर होकायंत्रापाशी रात्री दिवाही लावला नाही, म्हणतो.

आता आमचा आक्षेप. ७२ दिवस, आणि पानं किती? मोजकीच. एकटेपणाची कळ प्रवासाच्या सुरुवातीला आली, मग पुन्हा आली नाही, असं तो सांगून टाकतो. अहो, इतक्या दिवसांत एकही वाईट रात्र नाही? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एकांतावर बोलत आलो. इतकं गोड एकांत-वर्णन कुणी विद्यार्थ्यानं लिहून आणलं असतं तर आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

पण एका जागी आम्ही थबकतो. क्रोनोमीटर दुरुस्तीला पंधरा डॉलर पडतात म्हणून स्लोकमनं तो घरी ठेवला आणि तबकडी फुटलेलं पत्र्याचं घड्याळ एका डॉलरला घेतलं. मार्केसास बेटांपाशी त्यानं चंद्र-सूर्यातलं अंतर मोजून रेखांश काढला. उत्तर स्वतःच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल दूर! माणूस इथे काय करतो? एकतर आकड्यांपुढे मान तुकवतो, नाहीतर आकडे दडपतो. यानं पुन्हा मोजलं, मग गणिताची पाळंमुळं खणली आणि छापील कोष्टकातलीच चूक शोधली. चूक सुधारल्यावर उत्तर जुळलं. ते तपासायला शेजारी कुणी नव्हतं. खोटं लिहिलं असतं तरी कुणाला कळणार होतं?

हा प्रश्न पोकळ नाही. १९६८-६९ च्या एकट्यानं जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण पुढे गेल्याचे खोटे संदेश पाठवत राहिला. शेवटी होडी सापडली, तो सापडला नाही. ती शर्यत जिंकली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या 'सुहेली'नं, आपल्या मुंबईत बांधलेल्या होडीनं. क्रोहर्स्टच्या होडीवरही रोजचा दिवस उगवत होता, स्वयंपाक होत होता, नोंदी होत होत्या. फक्त नोंद आणि दिवस यांची फारकत झालेली होती.

म्हणून स्लोकमच्या मौनाबद्दल आमचं मत थोडं बदललं. त्यानं बरंच गाळलं असावं, हा संशय आम्ही सोडत नाही. स्वतःची फजिती मोकळेपणानं सांगणं ही विश्वास मिळवायची जुनी युक्तीही असते, हेही आम्ही जाणतो. पण गाळणं वेगळं आणि रचणं वेगळं. गाळणाऱ्याच्या हाती निदान आपली खरी जागा राहते. रचणाऱ्याला आपण नेमके कुठे आहोत हेच हळूहळू कळेनासं होतं.

पुढे त्या घड्याळाचा मिनिटकाटा गेला. यानं ते उकळून पुन्हा चालू केलं आणि नुसत्या तासकाट्यावर भागवलं. हे त्यानं लपवलं नाही. तुम्ही पुस्तक वाचाल तेव्हा वादळं जरा भराभर उलटा, मित्रहो, आणि या घड्याळापाशी थांबा.