‘तौबा’ आणि ‘प्रायश्चित्त’

दादरलगतच्या माहीम येथील मखदूम अली माहिमी (मृत्यु हि. स. ८३५) यांनी कुराणावर अरबी भाष्य रचिले. ते मराठीत आणू पाहणारास नवव्या अध्यायाचे नावच अडविते: ‘तौबा’. त्यास ‘प्रायश्चित्त’ म्हणणे आम्हांस चिंत्य वाटते. प्रायश्चित्त हे विहित कर्म होय. तौबा म्हणजे परतणे. पापत्याग, पश्चात्ताप व पुन्हा न करण्याचा निश्चय ही तिची अंगे. परस्व हरिले असल्यास ते परत करणे हे चौथे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातील, अशाच निश्चयाने होणारी ‘निवृत्ति’ तिला अधिक जवळची. परंतु कुराणात ईश्वरही कृपेने भक्ताकडे वळतो. ‘तव्वाब’ हे त्याचे नाम. हा अर्थ निवृत्तीतही येत नाही. ‘तोबा’ मराठीत रुळलेलाच आहे. संपादकांनी मूळ शब्द राखून टीप द्यावी, हे बरे.