कुलाब्याची वही आणि भाईंदरचा पाऊस

गेल्या पावसाळ्यात भाईंदरच्या एका शाळेतील नववीच्या मुलांनी गच्चीवर बाटलीचा पर्जन्यमापक ठेवला आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला. मोजणी संपल्यावर त्यांना साहजिकच प्रश्न पडला, की गेल्या दहा वर्षांच्या मानाने हा पाऊस कमी की जास्त? त्यांच्या विज्ञानाच्या बाईंनी तो प्रश्न आमच्याकडे आणला. आम्हाला वाटले, हे तासाभराचे काम आहे.

काम तीन आठवडे चालले. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर तक्ते होते, पण ते कागदाची छायाचित्रे होते. त्यांतील आकडे संगणकाला वाचता येईनात, तेव्हा मुलांनी ते हाताने उतरवून घेतले. एकाच जुलै महिन्याचे दोन तक्त्यांत दोन निरनिराळे आकडे निघाले. पर्जन्यमापक कोठे ठेवला होता, मधल्या काळात तो हलवला होता का, याबद्दल एक ओळही नव्हती. एका मुलीने विचारले, "सर, मग आम्ही आमच्या बाटलीवरच विश्वास ठेवू का?"

सांताक्रूझचे आकडे घ्या, असा सल्ला कोणीही देईल. वेधशाळेची नोंद तेथे नियमित होते हे खरेच. पण २६ जुलै २००५ आठवून पाहा. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७४ मिलिमीटर! या दोन ठिकाणांत जेमतेम पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचे अंतर आहे. भाईंदरही सांताक्रूझपासून साधारण तितकेच दूर. शिवाय इकडे पश्चिमेला उत्तनचा समुद्र, उत्तरेला खाडी आणि पूर्वेला डोंगर. सांताक्रूझचा आकडा आमचा मानायचा तो कोणत्या आधाराने?

हवामान खात्याने १९०१ पासूनच्या पावसाची चौकटवार आकडेवारी पुण्याहून खुली केली आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु ती पाव अंशाच्या चौकटींत आहे, म्हणजे एक चौकट सुमारे सत्तावीस किलोमीटरची. अवघे मीरा-भाईंदर तीत शेजाऱ्यांसह मावते. देशाच्या मान्सूनचा अभ्यास करणाऱ्याला ती पुरते, शाळेच्या गच्चीला पुरत नाही. त्यातच ती ज्या स्वरूपात मिळते ते उघडण्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहावी लागते. खुले असणे आणि हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे अजून पुरेसे उमगलेले नाही.

नोंद कशी ठेवावी याचा धडा मात्र मुंबईतच आहे. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. त्या काळी कुलाबा वेधशाळेत चुंबकसूचीची स्थिती डोळ्यांनी वाचून ठराविक वेळी वहीत लिहीत. वादळ सुरू झाल्यावर निरीक्षकांनी काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. इंग्लंडमधील छायाचित्रण यंत्रांच्या पट्टीबाहेर रेषा निघून गेल्या, कुलाब्याची वही मात्र लिहिली जात राहिली. त्या नोंदी वापरून २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि ॲलेक्स यांनी शोधनिबंध लिहिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटला होता, असे त्यांनी दाखवले. ही घट नेमकी कोणत्या विद्युत्‌प्रवाहांमुळे झाली यावर अजून वाद आहे. आकडे सर्वांसमोर आहेत, म्हणूनच तो घालता येतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला याहूनही मोलाची वाटते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे मोजमापे बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेले. नेताना दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे नोंदी सुरू ठेवल्या. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. आज पर्जन्यमापक एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातो आणि तक्त्यात त्याचा मागमूसही नसतो.

सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली, संवेदनशील नसलेली माहिती माणसाला आणि यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात द्यावी, असे केंद्र सरकारचे धोरण २०१२ पासून आहे. दोष धोरणाच्या भाषेत नाही. माहिती चढवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते, ती नीट ठेवणे हे बहुधा कोणाचेच नसते. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून शोधपत्रिका सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध झाल्या. चांगलेच झाले, पण शाळेतील शिक्षक त्या कुंपणाबाहेरच राहिले.

आमच्या संशोधक मंडळींचाही यात वाटा आहे. ‘माझे आकडे’ हा शब्दप्रयोग आम्ही फार सहज करतो. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे, तिच्या नियमाप्रमाणे, अठरा महिन्यांनी सर्वांना खुली होतात. तिने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या आकाश-पाहणीच्या मूळ नोंदींवर परदेशी खगोलशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह नव्याने प्रक्रिया केली. २०१७ मध्ये नव्वद टक्के आकाशाचा, सहा लाखांहून अधिक स्रोतांचा नकाशा प्रसिद्ध झाला. ‘आपले आकडे दुसऱ्याने वापरले’ अशी हळहळ यावर आम्ही ऐकली आहे. आम्हाला ती पटत नाही. नोंदी कपाटात राहिल्या असत्या तर तो नकाशा कोणालाच मिळाला नसता.

राहता राहिली मुलांची वही. ती आम्ही तपासायला घेतली तेव्हा ऑगस्टच्या मध्यापासून पाऊस एकाएकी कमी भरलेला दिसला. चौकशी केली तर कळले, की पाण्याची टाकी गळू लागल्यामुळे बाटली गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला हलवली होती. कोणत्या तारखेला, ते कोणीच लिहिले नव्हते. आता वहीच्या पहिल्या पानावर गच्चीचा नकाशा काढला आहे, आणि यंदाच्या जूनपासून दोन्ही कोपऱ्यांत एकेक बाटली आहे.