बेटांवरील उंदीर-निर्मूलन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
‘निर्मूलन’ आणि ‘नियंत्रण’ हे शब्द आपल्याकडे बहुधा समानार्थी म्हणून योजिले जातात. प्रस्तुत लेखात लॉर्ड हाउ बेट व मुंबई या दोन उदाहरणांच्या आधारे त्यांतील भेद तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारे ६०० कि.मी. अंतरावरील लॉर्ड हाउ बेटापाशी १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ हे जहाज रुतले आणि त्यातील काळे उंदीर बेटावर पोहोचले. त्यानंतर तेथील पाच प्रकारचे स्थानिक पक्षी नामशेष झाले. २०१९ मध्ये ब्रोडिफॅकम हे रक्त गोठू न देणारे विष बेटभर टाकण्यात आले. तत्पूर्वी वुडहेन या दुर्मीळ पक्ष्यांपैकी बहुसंख्य पक्षी पकडून सुरक्षित ठेवावे लागले. विषप्रयोगाविषयी रहिवाशांत तीव्र मतभेद होते. २०२१ मध्ये उंदीर पुन्हा आढळल्याने शोधमोहीम नव्याने हाती घ्यावी लागली. वुडहेनची संख्या मात्र लक्षणीय वाढली.

यावरून निर्मूलनाच्या तीन अटी स्पष्ट होतात : प्रत्येक उंदरापर्यंत उपाय पोहोचला पाहिजे, मरणाचे प्रमाण जननापेक्षा अधिक असले पाहिजे आणि पुनरागमनाची वाट बंद राहिली पाहिजे. तिसरी अट मुंबईत कधीच पूर्ण झाली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांचा रोगप्रसाराशी असलेला संबंध सिद्ध झाला. परंतु गोद्या, गोदामे व कचरा कायम राहिल्याने महानगरपालिकेचे कर्मचारी आजही रात्री उंदीर मारीत असतात. हे नियंत्रण होय, निर्मूलन नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. नंदाखाल-आगाशी परिसरातील वाड्या सलग भूभागावर आहेत, तर अर्नाळा बेटाशी होड्यांची ये-जा नित्याची आहे. अशा ठिकाणी विष कितीही टाकले तरी शेजारून नवे उंदीर येणारच. उलट, विष खाल्लेले उंदीर भक्षून गव्हाणी घुबडासारखा त्यांचा नैसर्गिक शत्रूच बळी पडण्याचा धोका संभवतो. दूरच्या बेटावर एकदाच पत्करलेली हानी येथे दरवर्षी सोसावी लागेल.

निष्कर्ष :
लॉर्ड हाउचे यश विषाइतकेच अंतराचे व येणाऱ्या मालाच्या कसून तपासणीचे आहे. म्हणून कोणत्याही योजनेस ‘निर्मूलन’ हे नाव देण्यापूर्वी उंदरांच्या पुनरागमनाचा मार्ग बंद करता येईल काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. त्याचे उत्तर नकारार्थी असल्यास साठवण, स्वच्छता, सापळे आणि घुबड-धामणीसारख्या भक्षकांचे रक्षण यांवरच भर देणे अधिक प्रामाणिक होईल.