‘सुरक्षित’ हा शब्द कुठून आला? डोळ्यांच्या थेंबांवरचा एक पेपर वाचताना

गेल्या महिन्यात साताऱ्याची गाडी पकडायला स्वारगेटला गेले होते. गाडीला वेळ होता, म्हणून स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये शिरले. माझ्या पुढे खाकी कपड्यांतले एक ड्रायव्हरकाका होते. “दादा, डोळ्यांचे थेंब द्या. सकाळपासून चुरचुरतंय, वाळू गेल्यासारखं वाटतंय.” दुकानदारानं बाटली पुढे केली. “हे न्या, सगळे हेच नेतात. काही साइड इफेक्ट नाही.” काकांनी तिथेच झाकण उघडलं, मान मागे टाकली आणि दोन-तीन थेंब सोडले. बाटलीचं टोक पापणीला टेकलेलं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी बाटली शेजारच्या कंडक्टरकडे दिली. “घे, तू पण घाल. गार वाटतं.”

मी डोळ्यांची डॉक्टर नाही. माझं पीएचडीचं काम औषधांच्या सुरक्षिततेच्या आकडेवारीवर आहे. त्यामुळे ‘काही साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य डोक्यातून जाईना. हे आपल्याला कोणत्या अभ्यासातून कळलं? त्या अभ्यासात बाटली पापणीला टेकत होती का? दोघांत एक बाटली वापरली जात होती का? घरी आल्यावर या विषयावरचा सगळ्यात जास्त उल्लेख होणाऱ्या पेपरांपैकी एक काढून पुन्हा वाचला. आजची पोस्ट त्या पेपरबद्दल आहे.

पेपर काय म्हणतो

पकर, एनजी आणि निकोल्स यांचा हा कॉक्रेन रिव्ह्यू २०१६ चा आहे. प्रश्न सरळ आहे: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब कोरड्या डोळ्यांवर किती उपयोगी आहेत आणि त्यातले कोणते जास्त चांगले? त्यांनी ४३ रँडमाइज्ड ट्रायल गोळा केल्या. त्यात एकूण ३४९७ माणसं होती. निष्कर्ष थोडक्यात असा: हे थेंब परिणामकारक आणि सुरक्षित असू शकतात, बहुतेक प्रकारांचा परिणाम सारखाच असावा, पण ट्रायलची रचना आणि रिपोर्टिंग इतकं वेगवेगळं आहे की ठाम काही सांगता येत नाही.

आधी चांगलं ते सांगते. लेखकांनी स्वतःच्या निष्कर्षावर स्वतःच प्रश्नचिन्ह लावलंय. पुराव्याचा दर्जा कमी आहे हे लपवलेलं नाही. अडचण अशी की पेपरमधलं ‘असू शकतात’ हे पुढच्या पेपरच्या प्रस्तावनेत ‘आहेत’ होतं आणि दुकानाच्या काउंटरवर ‘काही साइड इफेक्ट नाही’ होतं. पण दोष फक्त वाचणाऱ्यांचा नाही. पेपरच्या मांडणीतच दोन जागा अशा आहेत जिथे आपण थांबायला हवं.

पहिली जागा: ‘सारखेच’

दोन थेंबांत फरक दिसला नाही, म्हणजे ते सारखे आहेत असं होत नाही. ट्रायल लहान असेल तर असलेला फरकही दिसत नाही. ‘सारखे’ म्हणायचं तर किती फरक चालेल हे आधी ठरवून त्या हिशेबानं सॅम्पल घ्यावं लागतं.

दुसरं म्हणजे, दोन्ही गटांना बरं वाटलं तर ते थेंबांमुळेच वाटलं का? इथे ड्रीम नावाची ट्रायल आठवा. ती थेंबांची नाही, ओमेगा-३ च्या कॅप्सूलची आहे, पण आजार हाच. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. ५३५ माणसं, एक वर्ष. त्रासाचा स्कोअर शून्य ते शंभर. ओमेगा-३ घेणाऱ्यांचा स्कोअर सरासरी १३.९ नं उतरला. ऑलिव्ह ऑइल घेणाऱ्या प्लासिबो गटाचा १२.५ नं! दोघांतला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं दखल घेण्याइतका नव्हता. (ऑलिव्ह ऑइल खरंच निष्क्रिय होतं का, यावर नंतर वाद झाला, तो वेगळा.) माणूस त्रास वाढलेला असताना ट्रायलमध्ये येतो आणि काही न करताही त्याचा त्रास सरासरीकडे उतरतो. थेंबांच्या बाबतीत तर आणखी पंचाईत आहे. प्लासिबो म्हणून सलाइन दिलं तरी ते डोळा ओला करतंच. म्हणजे तुलनेला पूर्ण कोरा गट मिळणं अवघड.

दुसरी जागा: ‘सुरक्षित’

माझा खरा आक्षेप इथे आहे. समजा, त्या ३४९७ जणांपैकी एकालाही गंभीर संसर्ग झाला नाही. मग धोका शून्य का? नाही. इथे ‘तीनचा नियम’ लावायचा. n माणसांत घटना शून्य वेळा घडली, तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की तिचं प्रमाण ३/n पेक्षा जास्त नसावं. ३४९७ ला हे येतं साधारण ११६६ जणांत एक. म्हणजे दर दोन हजार वापरणाऱ्यांत एकाचा डोळा जात असेल, तरी या आकड्यांत ते न दिसणं सहज शक्य आहे. आणि हे सगळ्या थेंबांची बेरीज करून. एखाद्या एकाच थेंबाची ट्रायल शंभर जणांची असेल तर वरची मर्यादा थेट तीन टक्के!

शिवाय अशा ट्रायल बहुतेक काही आठवडे ते काही महिने चालतात. नवी सीलबंद बाटली मिळते, कशी वापरायची ते दाखवलं जातं, ठरल्या दिवशी तपासणी होते. त्यात नोंदले जाणारे त्रास म्हणजे थोडा वेळ धूसर दिसणं, चुरचुरणं. स्वारगेटची बाटली मात्र ड्रायव्हरच्या सीटशेजारी उन्हात तापते, धूळ खाते आणि दोघातिघांच्या डोळ्यांत जाते. ट्रायल द्रवाची परीक्षा घेते. बाटली आणि हात परीक्षेबाहेरच राहतात.

धोका दिसला तो कुठून

२०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या एका अतिशय औषधरोधक प्रकाराची साथ उघडकीला आली. मे २०२३ पर्यंतची नोंद: १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू. बहुतेकांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरले होते आणि त्यात एझ्रीकेअर या ब्रँडचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं. उघडलेल्या बाटल्यांत तोच जिवाणू सापडला. थेंब बनले होते चेन्नईजवळ, ग्लोबल फार्मा हेल्थकेअरच्या कारखान्यात. अमेरिकेच्या एफडीएनं काढलेल्या त्रुटींत एक लक्षात ठेवण्यासारखी आहे: अनेकदा उघडायची बाटली, पण आत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नाही.

हे लांबचं वाटत असेल तर नवी मुंबईकडे या. २७ ऑक्टोबर २०२३ ला एफडीएनं २६ प्रकारचे थेंब वापरू नका असा इशारा दिला. ते किलिच हेल्थकेअर इंडियानं बनवलेले होते. तपासणीत कारखान्यात अस्वच्छता आढळली आणि उत्पादनाच्या महत्त्वाच्या जागांवरून घेतलेल्या नमुन्यांत जिवाणू सापडले. त्या वेळी संसर्ग झाल्याची एकही तक्रार नोंदलेली नव्हती. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं माल परत मागवला.

आता बघा, यातलं काहीही ट्रायलमधून कळलेलं नाही. पहिलं कळलं साथीच्या तपासातून, तेही जिवाणू इतका विरळ होता म्हणून. नेहमीचाच जिवाणू असता तर १८ राज्यांतल्या केसेस कोणी एकमेकींना जोडल्या असत्या? दुसरं कळलं कारखान्याच्या तपासणीतून. कॉक्रेनच्या लेखकांनी हे आधी ओळखायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण ‘सुरक्षित’ या शब्दाआधी ‘ट्रायलच्या परिस्थितीत, या काळापुरते’ एवढं लिहायला हवं होतं.

मग प्रिझर्व्हेटिव्ह घालूनच टाकावं का?

इतकं सोपं नाही. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे डोळ्यांच्या थेंबांतलं फार वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह जंतू मारतं, पण वारंवार वापरलं तर डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींनाही त्रास देतं, म्हणजे कोरडेपणा वाढतो. म्हणून दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सुचवतात. ते एकवेळच्या छोट्या ट्यूबमध्ये किंवा खास झडपेच्या बाटलीत असले तर ठीक. साध्या बाटलीत असले तर चेन्नईची गोष्ट आठवा.

आणि ‘थेंब’ म्हणजे सगळे एकच नव्हेत. सीएमसी किंवा सोडियम हायल्युरोनेटचे थेंब डोळा ओला ठेवतात, आजाराचं मूळ काढत नाहीत. लाली घालवणारे थेंब वेगळे, ते सारखे वापरले तर लाली उलटून येते. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच, त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो.

त्या दिवशी काकांना मी काही बोलले नाही, याची चुटपुट आहे. बोलले असते तर एवढंच: काका, आधी हात धुवा. टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लावू नका. एकच थेंब पुरे, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. दुसरं औषध असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. बाटली दुसऱ्याला देऊ नका. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि लेबलवर सांगितलेली मुदत (बऱ्याच बाटल्यांवर एक महिना असते) संपली की उरलेलं टाकून द्या. दुखलं, पू आला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर थेंब बंद आणि थेट डोळ्यांचे डॉक्टर.

तुमच्यासाठी गृहपाठ

रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्यांनी आवडीच्या कोणत्याही औषधावरचा एक रिव्ह्यू घ्या आणि ‘सुरक्षित’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे तीन प्रश्न लिहा. किती माणसं, किती दिवस? घटना शून्य असतील तर ३/n किती येतो? आणि ट्रायलमधला वापर व घरातला वापर यात काय वेगळं आहे?

तिसऱ्या प्रश्नातूनच बहुतेक वेळा नवा अभ्यास निघतो. मला सुचलेला असा: एसटी आणि पीएमपीच्या चालक-वाहकांकडच्या वापरात असलेल्या बाटल्या संमतीनं गोळा करायच्या, टोकाचे नमुने लॅबमध्ये तपासायचे आणि बाटली कधी उघडली, किती जणांनी वापरली ते विचारायचं. खर्च फार नाही, एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी. एखाद्या बाटलीत जंतू सापडले तर त्या माणसाला कसं आणि कोण कळवणार, हे प्रपोजलमध्येच लिहावं लागेल. कोणाला करायचा असेल तर जरूर करा, सॅम्पल साइज काढायला मी मदत करीन.