मराठी रहस्यकथेतील मृत माणूस

मराठी रहस्यकथेने नायक पुष्कळ निर्माण केले. परंतु ज्याच्या खुनामुळे त्या नायकाला काम मिळते, तो मृत माणूस तिने क्वचितच घडविला, हा तिच्या दीर्घ वाटचालीतील मला सर्वांत तीव्रतेने जाणवणारा अभाव आहे. गो. ना. दातारशास्त्र्यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष देऊन वाचकांना अद्भुताची गोडी लावली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक कथा लिहून झुंजार, काळापहाड आणि धनंजय ही नावे घरोघर पोहोचविली, आणि दारा बुलंद व फिरोज इराणी यांचे जनक सुहास शिरवळकर यांनी तोच वारसा तरुण पिढीच्या भाषेत चालविला. अर्नाळकरांचे ऋण तर मी कधीच नाकारणार नाही, कारण आमच्या सातारच्या पेठांतून पोरांना वाचनाचे व्यसन लागले ते त्यांच्याच चिमुकल्या, दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांनी. तथापि या सगळ्या कथांतील प्रेत हे निमित्तमात्र असते. दुसऱ्या प्रकरणात मोटार धावू लागली की त्याची आठवणही कोणी काढीत नाही.

आज या प्रकाराची अवस्था अशी की वाचक अजूनही आहे, पण त्याची भूक भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स किंवा अन्य अनुवादित हेरच भागवितात. स्वतंत्र लेखन होते तेही बहुधा मुंबई–पुण्याच्या बंगल्यांत घुटमळते. सातारा–सांगलीकडे ते वळत नाही, आणि खुनाच्या कथेला लागणारी सामग्री तर याच मुलखात खच्चून भरलेली आहे. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते. माणपासून आटपाडीपर्यंतचा बाजारकरी आजही या दोन जिल्ह्यांमधली सीमा मनात धरीत नाही.

खरसुंडीच्या खिलार जनावरांच्या यात्रेत ज्याने सौदा पाहिला असेल त्याला मी काय म्हणतो ते चटकन उमजेल. हजारो माणसांच्या गर्दीत, भर उन्हात, दोघे जण एका उपरण्याखाली हात घालतात, बोटे दाबली जातात, चेहऱ्यावर रेषाही हलत नाही, आणि बैलाची किंमत ठरते. ती त्या दोघांखेरीज जवळ उभ्या असलेल्या कोणासही कळत नाही. उद्या त्या दोघांतला हेडी (गुरांचा व्यापारी) मारला गेला, तर त्या आकड्याचा एकच साक्षीदार उरतो, आणि तोच कदाचित आरोपी असतो! बंद खोलीतील खुनाची जी कल्पना पाश्चात्त्य लेखकांनी एवढ्या कौशल्याने रचली, ती आमच्या बाजारात चार बोटांच्या जागेत सिद्ध आहे. सांगलीजवळच्या हरिपुरातील हळद साठविण्याची जुनी पेवेही तशीच: अरुंद तोंड, खाली जमिनीच्या पोटात प्रशस्त पोकळी, आणि आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरायचे नाही असा दंडक असे.

पण स्थळ म्हणजे कादंबरी नव्हे; तिला तो मृत माणूसही लागतो. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या जॉर्ज सिमेनोंच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत पॅरिसच्या बोळात भोसकून मारलेल्या एका सामान्य भांडारपालाच्या पायात पिवळट बूट सापडतात, आणि त्याची पत्नी सांगते की असले बूट हे कधी घालतच नव्हते. ज्या पेढीत तो रोज कामाला जातो असे घरचे समजत होते, ती बंद पडून काही वर्षे लोटलेली असतात. पोलीस कमिसार मेग्रेचा सारा तपास म्हणजे त्या मृताचे, घरच्यांनाही अज्ञात असलेले, चरित्र होय. आमच्याकडे हे का होऊ नये? व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्या कथांतून याच मातीतल्या माणसांना नावानिशी, स्वभावानिशी उभे केले, परंतु रहस्यकथाकारांनी तो वारसा आपला मानला नाही, आणि समीक्षकांनीही रहस्यकथेला साहित्याच्या ओसरीवरच बसविले. या दुराव्याचा दोष मी दोन्ही पक्षांना देतो; समीक्षकांना किंचित अधिक.

वास्तविक आपल्या भाषेत अशा कथेचा सांगाडा तयार आहे, आणि तो म्हणजे पंचनामा. पंचांसमक्ष चतुःसीमा सांगून, प्रेताची स्थिती लिहून, मुद्देमालाची बिनचूक यादी करणारे ते कोरडे गद्य एखाद्या समर्थ लेखकाच्या हाती लागले, तर त्यातून केवढे कारुण्य निर्माण होईल! आठवडे बाजारात पाल ठोकून मिरची–लसूण विकणारा एखादा म्हातारा पहाटे गोणपाटाखाली मेलेला सापडला, असे समजा. फौजदार लिहून घेतील: तराजू एक, लोखंडी मापे तीन, तंबाखूची चंची एक, उधारीची वही एक. त्या वहीत कोणाचेही पूर्ण नाव नसेल, केवळ ‘मळ्यातली मावशी’, ‘पांगळा मास्तर’, ‘वरच्या आळीची सून’ अशा खुणा असतील. त्या खुणांमागची माणसे शोधायला शहरातून आलेला हुशार हेर उपयोगी पडणार नाही. शेजारच्या पालात वीस वर्षे बसलेली कांदेवाली पडेल, कारण मावशीचा मळा कोणता आणि ती गेले तीन बाजार का आली नाही, हे तिलाच ठाऊक असेल.